फणसाच्या करंड्याचे झाकण मालवणात फिरते, पुण्यात अडकते: चूक लाकडाची की माझी?

पडवीतला लेथ (मालवण)

सर्वांना नमस्कार.

गेली तीन वर्षे मी घराच्या पडवीत लहान लेथ (लाकूड गरगर फिरवून कातायचे यंत्र) ठेवून फावल्या वेळात लाकडाचे कातकाम शिकत आहे. लाटणी, भोवरे, पोळपाटाचे पाय असे करत हात बसल्यावर गेल्या श्रावणात मी पहिल्यांदा झाकण असलेला कुंकवाचा करंडा केला. लाकूड फणसाचे होते. मे २०२१ मधल्या तौक्ते वादळात आमच्या परसातला जुना फणस आडवा झाला, त्याचे ओंडके सॉ मिलमध्ये नेऊन तीन-तीन इंच जाडीच्या फळ्या पाडून घेतल्या आणि तेव्हापासून त्या मधे पट्ट्या घालून पडवीत रचून ठेवल्या आहेत. त्यामुळे लाकूड पुरते वाळलेले आहे अशी माझी खात्री होती.

करंड्याचा बाहेरचा व्यास ७२ मिमी, झाकणासकट उंची ८० मिमी आणि झाकण ज्यावर बसते त्या गळ्याचा व्यास ६० मिमी आहे. गळा ९ मिमी उंच ठेवला होता. झाकण इतके चपखल बसले होते की काढताना ‘टप्’ असा आवाज येई, आणि खरे सांगायचे तर त्या आवाजाचा मला थोडा गर्वही झाला होता. गणपतीला बहीण आली, तिला तो आवडला, ती पुण्याला घेऊन गेली.

शिमग्याला ती परत आली तेव्हा करंडा पिशवीतून काढून तिने माझ्यासमोर ठेवला. तिची तक्रार अशी की माघापासून झाकण एकाच जागी नीट बसते. तिथून जरा फिरवून लावले की रुतून बसते, आणि एकदा तर चमच्याच्या दांड्याने उचकटावे लागले, त्यात गळ्याच्या काठाचा टवका उडाला. नवल असे की इथे देवघरात पंधरा दिवस ठेवल्यावर तेच झाकण पुन्हा फिरू लागले आहे, फक्त दोन ठिकाणी समोरासमोर घासते.

माझे प्रश्न असे. पाच वर्षे वाळलेले लाकूड अजून हलते कसे? दुसरे, आतला तळ कोरताना मधोमध एक टोक राहते आणि भोवतालचा पृष्ठभाग पाट्यासारखा खरखरीत होतो. पॉलिश पेपरने कितीही घासले तरी तो सारखा होत नाही. आणि तिसरे म्हणजे भाचीचे लग्न मार्गशीर्षात आहे, तिच्या रुखवतात ठेवायला पाच करंडे करण्याचे मी कबूल करून बसलो आहे. ते करंडे लग्नानंतर पुण्यातच राहणार. हीच चूक पाच वेळा होऊ नये म्हणून विचारतो आहे.


जुना कातारी (वेंगुर्ले)

नमस्कार. आपण मापे दिलीत आणि झाकण कुठे अडते हेही नीट पाहिलेत, त्यामुळे निदान सोपे झाले. आपला करंडा बिघडलेला नाही, तो लंबवर्तुळाकार झाला आहे. ‘एकाच जागी बसते, फिरवले की रुतते’ हे त्याचे पक्के लक्षण. झाकण सगळीकडून सारखेच घट्ट झाले असते तर मी पॉलिशचा थर किंवा आत साचलेले कुंकू यांच्यावर संशय घेतला असता.

पाच वर्षे वाळलेल्या लाकडाबद्दल आपला जो समज आहे तो आपल्याकडे जवळजवळ सर्वांचाच असतो. लाकूड वाळते म्हणजे भोवतालच्या हवेशी त्याचा समतोल होतो, त्यापलीकडे ते वाळत नाही. हवेतली सापेक्ष आर्द्रता ८५ टक्के असेल तर लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे १७ ते १८ टक्के पाणी राहते. आर्द्रता ४० टक्क्यांवर आली की तेच प्रमाण साधारण साडेसातवर उतरते. आपल्या पडवीत फळी पाच वर्षे राहिली काय आणि पंचवीस वर्षे राहिली काय, श्रावणात ती ओलसरच असणार. आपण करंडा कातलात तो पावसाळ्यात. एकदा भिंत पाच मिलीमीटरची झाली की तिला आजूबाजूच्या हवेशी जुळायला फारसा वेळ लागत नाही. पुण्याच्या माघ-फाल्गुनातल्या हवेने त्या लाकडातले उरलेले पाणी ओढून घेतले, इतकेच घडले आहे.

आता ते आकसताना गोल का राहत नाही, ते पाहू. लाकूड रेषांच्या, म्हणजे त्याच्या तंतूंच्या, लांबीच्या दिशेने जवळजवळ आकसत नाही. खोडाच्या मध्यापासून सालीकडे, म्हणजे त्रिज्येच्या दिशेने, ते थोडे आकसते. आणि वलयांच्या दिशेने, म्हणजे सालीला समांतर, त्याहून पुष्कळ जास्त. सागाचे आकडे मला पाठ आहेत म्हणून तेच देतो: पूर्ण ओल्यापासून पूर्ण कोरड्यापर्यंत त्रिज्येच्या दिशेने सुमारे २.५ टक्के आणि वलयांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के. हा सगळा बदल पाण्याच्या साधारण ३० टक्क्यांपासून शून्यापर्यंत होतो असे धरले तर दर एका टक्क्याला एका दिशेने ०.०८ आणि दुसऱ्या दिशेने ०.१९ टक्के पडतात. श्रावणातल्या मालवणातून फाल्गुनातल्या पुण्यात जाताना पाणी दहा टक्क्यांनी उतरले, तर ६० मिमीचा गळा एका बाजूने अर्धा मिलीमीटर आणि दुसऱ्या बाजूने एक मिलीमीटरहून थोडा जास्त आकसेल. म्हणजे दोन व्यासांत अर्धा ते पाऊण मिलीमीटरचा फरक पडला. फणसाचे आकडे सागाचे नव्हेत, पण या दोन दिशांमधला फरक बहुतेक सगळ्या लाकडांत असतोच.

झाकणही त्याच फळीचे, म्हणून तेही त्याच प्रमाणात आणि त्याच आकारात आकसले. दोन्हींच्या रेषा जुळवून झाकण लावले की लांब व्यासावर लांब व्यास येतो आणि ते सुखाने बसते. पाव वळसा दिला की गळ्याचा लांब व्यास झाकणाच्या आखूड व्यासात शिरू पाहतो. आपण ‘टप्’ आवाजासाठी फट ठेवली असेल जेमतेम दहावा भाग मिलीमीटर. तिथे अर्धा मिलीमीटर कसा मावेल? आता शिमग्यानंतर मालवणची हवा श्रावणाइतकी दमट नाही, त्यामुळे करंडा निम्मा गोल झाला आहे आणि समोरासमोर दोन ठिकाणी घासतो आहे. पावसाळा लागू द्या, तेही घासणे जाईल.

पाच करंड्यांसाठी मी असे करीन. प्रत्येक करंड्याचा ठोकळा एकाच फळीचा, लांबी झाकण आणि तळ मिळून १२० मिमी, खोडाचा मधला ठिपका ठोकळ्यात येऊ न देता; तो आला की तडा ठरलेला. ठोकळा लेथच्या दोन टोकांमध्ये धरून गोल करावा, ठोकळ्याच्या दोन्ही टोकांना चकसाठी (लेथच्या पकडीसाठी) ६ ते ७ मिमीची कूस, म्हणजे धरायला आखूड खुंटी, काढावी आणि कापण्याआधीच अंगावर पेन्सिलीने एक उभी रेघ ओढावी, म्हणजे पुढे झाकण आणि तळ यांच्या रेषा जुळवायला चाचपडावे लागणार नाही. मग शक्य तितक्या पातळ पार्टिंग टूलने झाकण वेगळे करावे. दोन्ही भाग आतून कोरावेत, पण भिंत १२ मिमी जाड ठेवावी आणि गळा दोन-तीन मिलीमीटर जास्तीचा ठेवावा. इथे थांबायचे. झाकण बसवण्याच्या मोहात पडायचे नाही.

हे कच्चे करंडे आता वाळवायचे, आणि खरा प्रश्न इथेच येतो, कारण चैत्र चालू आहे आणि पुढे पाऊस आहे. एक उपाय असा की पाचही करंडे वैशाखाच्या आत पूर्ण करून टाकावेत. दुसरा, आणि मी स्वतः करतो तो, म्हणजे जुन्या लाकडी कपाटात खाली ६० वॅटचा जुन्या पद्धतीचा दिवा लावून वरच्या जाळीवर कच्चे नग ठेवावेत. आत हवा थोडी तापली की तिची आर्द्रता आपोआप उतरते. एलईडी दिव्याचा इथे उपयोग नाही, कारण आपल्याला उजेड नको, ऊब हवी आहे. ढलप्या आणि भुसा त्या कपाटाच्या आसपासही असू नये. दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर प्रत्येक नग तोलून त्याच्याच बुडावर वजन लिहावे; दोन आठवडे वजन हलले नाही की लाकूड तयार. मालवण आणि पुणे यांच्या मधली स्थिती, म्हणजे साधारण दहा-अकरा टक्के पाणी, हे आपले लक्ष्य.

अखेरच्या बसवणीत गळा ९ ऐवजी ५ ते ६ मिमी उंच करावा आणि व्यासात ०.३ मिमी तरी फट सोडावी. झाकणातली खाच आधी पूर्ण करावी, तिच्या भिंती लेथच्या अक्षाला समांतर आहेत याची खात्री करून घ्यावी आणि मग तिच्या मापाने गळा उतरवत जावे. उलट क्रमाने केले तर झाकणाच्या आत मोजमाप करताना नाकी नऊ येतात. आणि पॉलिश पेपर मारून लाकूड गरम झाले असताना झाकण बसवून पाहू नये. त्या उबेत ते बसते, थंड झाल्यावर वेगळेच काही सांगते.


सुतारवाडा (गुहागर)

वेंगुर्लेकर काकांचे गणित मान्य आहे, त्यावर मला काही म्हणायचे नाही. पण ‘टप्’ या आवाजावर मात्र म्हणायचे आहे.

आमच्या घरात चार पिढ्यांचे कातकाम आहे. आजोबा दोरीच्या चरकावर काम करीत. एक माणूस दोरी ओढी, लाकूड एकदा पुढे आणि एकदा मागे फिरे, आणि हत्यार फक्त पुढच्या फेऱ्याला टेकवायचे असे. त्या चरकावर त्यांनी केलेला करंडा माझ्या आईकडे आजही आहे. त्याचे झाकण उचलले की अलगद निघते; उलटे धरले तर पडते. मी लहानपणी याला आजोबांचे ढिसाळ काम समजत असे. पुढे आईला हळदीकुंकवाला पाहिले तेव्हा उलगडा झाला. तिच्या डाव्या हातात तबक असते, उजव्या हाताच्या दोन बोटांनी ती झाकण उचलून तबकात ठेवते आणि त्याच हाताने कुंकू घेते. आपला ‘टप्’ वाजणारा करंडा तिला दिला तर झाकणाबरोबर करंडाच उचलला जाईल आणि कुंकू साडीवर. तेव्हा कुंकवाच्या करंड्याची परीक्षा एका हाताने करावी: करंडा पाटावर ठेवून फक्त झाकण उचलावे, खालचा भाग जागचा हलता कामा नये. आवाज करणारे झाकण दागिन्यांच्या किंवा वेलचीच्या डबीला शोभते. ०.३ नव्हे, मी तर अर्धा मिलीमीटर फट ठेवीन.

आजोबा कच्चे कातलेले नग चुलीवरच्या माळ्यावर टाकून ठेवीत आणि पुढच्या हंगामात उतरवीत. कपाटातल्या दिव्याचे काम तेव्हा चुलीच्या धुराने होत होते, एवढाच फरक.

आता तळाबद्दल, कारण त्या प्रश्नाकडे काकांनी दुर्लक्ष केले. करंड्यात लाकडाच्या रेषा उभ्या असतात, म्हणून तळ कोरताना आपण रेषांच्या तोंडांवर काम करत असतो. ताट किंवा वाडगा कोरताना आपण काठाकडून मध्याकडे जातो, कारण तिथे रेषा आडव्या असतात. करंड्यात बरोबर उलटे: हत्यार मध्यावरून सुरू करून काठाकडे आणावे. काठाकडून आत गेलात की प्रत्येक तंतू मागे आधार नसताना कापला जातो, तुटतो, आणि तो खरखरीतपणा इतका खोल असतो की पॉलिश पेपर त्याच्या मुळापर्यंत पोचतच नाही. आपण तसेच करत असणार, अशी माझी पैज आहे.

म्हणून आधी टेलस्टॉकमध्ये (लेथच्या मागच्या, सरकत्या टोकात) १६ मिमीचे ड्रिल लावून मधोमध हव्या त्या खोलीपेक्षा दोन मिलीमीटर कमी भोक पाडावे. मग लहान गोल पटाशी भोकाच्या काठावर टेकवून, तिचे तोंड डावीकडे झुकवून, करंड्याच्या भिंतीकडे ओढत आणावी. ढलपी लांब, दोऱ्यासारखी निघाली तर दिशा बरोबर आहे. पिठासारखा भुसा पडू लागला तर हत्यार बोथट झाले आहे, थांबून धार लावावी. फणसात धार लवकर जाते, त्याचा कंटाळा करू नये. मधले टोक राहते ते हत्याराचे टोक अक्षाच्या उंचीवर नसल्यामुळे; टूल रेस्ट, म्हणजे हत्यार टेकवायचा आधार, एक-दीड मिलीमीटर वर किंवा खाली करून पाहावा. शेवटचा हात गोल तोंडाच्या स्क्रेपरने (खरवडायच्या हत्याराने), अगदी हलका, जवळजवळ लाकडाला न कळेल असा.

वेगाचा नियम मी असा पाळतो: इंचातला व्यास गुणिले मिनिटाचे फेरे हा गुणाकार ६००० ते ९००० मध्ये असावा. आपल्या तीन इंचांना ते २००० ते ३००० होतात; ठोकळा चौकोनी असताना मात्र त्याच्या निम्म्याने सुरुवात करावी. चेहऱ्यावर पारदर्शक ढाल आणि नाकावर मास्क हवाच, फणसाची धूळ घशात बसते.


केवड्याचे पान (सावंतवाडीजवळ)

दोन्ही काकांनी कातकाम सांगितले, मी रंगकामापुरते लिहिते. आमच्या भागात लाखेच्या कामाची परंपरा आहे; चितार आळीत रंगीत खेळणी आणि लाकडी फळे पाहत आम्ही वाढलो, आणि मी स्वतः गेली काही वर्षे लेथवर लाख चढवते.

दादा, आपण करंड्याला काय लावले होते ते लिहिलेले नाही. गळ्यावर आणि झाकणाच्या आत जाड पॉलिश दिले असेल तर तेही झाकण अडवायला हातभार लावते. फिरणाऱ्या दोन भागांच्या मधे मेणाखेरीज काही असू नये. जवसाचे कच्चे तेल कोकणात शक्यतो टाळावे. पावसाळ्यात ते आठवडेच्या आठवडे वाळत नाही आणि त्यावर बुरशी धरते. चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून केलेले पॉलिश उत्तम, पण पावसाच्या दिवशी लावले तर स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतले पाणी त्यावर बसते आणि पॉलिश दुधासारखे पांढुरके पडते. तसे झालेच तर घाबरू नये. कोरड्या दिवशी स्पिरिटचा हलका बोळा फिरवला की पांढरेपणा बहुतेक वेळा जातो.

रुखवतासाठी रंगीत करंडे हवे असतील तर लाखेची कांडी वापरून पाहावी. लाकूड लेथवर फिरत असताना रंगीत कांडी त्यावर दाबून धरायची. घर्षणाच्या उष्णतेने लाख मऊ होते आणि पट्ट्याने लाकडावर चढते. आधी तिचे ओबडधोबड कडे दिसते. मग केवड्याचे वाळलेले पान दुहेरी करून फिरत्या लाखेवर दाबून सरकवत न्यायचे, म्हणजे ती सारखी पसरते आणि बघता बघता तिच्यावर काचेसारखी चकाकी येते. कापडाने हे होत नाही, कापड लाखेला चिकटते. पान खाऱ्या हवेने मऊ पडले असेल तर आधी उन्हात टाकावे. त्याच्या कडेचे काटे काढून मगच हातात घ्यावे, हे मी रक्त काढून शिकले आहे.

आणखी एक लक्षात ठेवावे. लाख असो की पॉलिश, दोन्ही पाण्याच्या वाफेचा वेग कमी करतात, तिला थांबवत नाहीत. म्हणून लाख चढवली की झाकण हलणार नाही, असे समजू नये. आतून पॉलिश द्यायचे कारण वेगळे: कुंकू कोऱ्या लाकडात मुरते आणि तो डाग निघत नाही.


घाईत आहे (ठाणे)

दिवा आणि कपाट हे सगळे करण्यापेक्षा कच्चे करंडे मायक्रोवेव्हमध्ये वाळवले तर चालणार नाही का? दहा मिनिटांचे काम आहे.


जुना कातारी (वेंगुर्ले)

चालते, पण थोडे थोडे, मंद शक्तीवर अर्धा मिनिट आणि मग पूर्ण थंड होऊ देऊन पुन्हा, असे अनेकदा करावे लागते. सलग दहा मिनिटे ठेवलात तर १२ मिमी जाड भिंतीचा गाभा आतून जळून काळा होतो, बाहेरून काही दिसत नाही, आणि घरात येणारा वास दोन दिवस जात नाही. रुखवताच्या लाकडावर हा प्रयोग करू नये.

सुतारवाड्याचे म्हणणे मला पटले. तळाचा प्रश्न माझ्याकडून राहून गेला आणि कुंकवाच्या करंड्यासाठी सैल झाकणच योग्य, हेही मान्य. मात्र अर्धा मिलीमीटर फट ठेवायची तर गळा ५ मिमीपेक्षा कमी करू नये, नाहीतर झाकण डुगडुगते आणि कातणाऱ्याचा हात कच्चा होता असे पाहणाऱ्याला वाटते.


पडवीतला लेथ (मालवण)

सर्वांचे मनापासून आभार. उशिरा लिहितो आहे, कारण काही सांगण्यासारखे हातात आल्यावरच लिहायचे ठरवले होते. आज वैशाख संपत आला.

सुतारवाड्याच्या काकांनी पैज जिंकली. मी तळ काठाकडूनच कोरत होतो, वाडगे करून पडलेली सवय. दिशा बदलल्यावर पहिल्याच ढलपीला फरक दिसला: पिवळीधमक, दोन वितींची एकच सलग पट्टी हत्याराच्या खोबणीतून वळत बाहेर आली आणि तळाला पॉलिश पेपरची फारशी गरजच उरली नाही. मधले टोकही टूल रेस्ट किंचित खाली घेतल्यावर गेले.

सहा करंडे कच्चे कातले, एक जास्तीचा. एका झाकणाची कूस मी घाईत चारच मिलीमीटरची काढली होती. कोरताना ती तुटली, झाकण चकमधून सुटले आणि पडवीच्या कौलाला लागून खाली आले. एक कौल फुटले. चेहऱ्यावर ढाल होती. त्या तळाला आता झाकण नाही, त्यात आई जपाची माळ ठेवते.

उरलेले पाच कपाटात दिव्यावर ठेवले. पहिल्या नगाचे वजन सुरुवातीला १७२ ग्रॅम होते, पाचव्या आठवड्यात १६४ वर येऊन थांबले. व्हर्नियरने गळ्याचे दोन व्यास मोजले तर त्यांत ०.३ मिमीचा फरक निघाला, आणि लांब व्यास नेमका त्रिज्येच्या दिशेने होता. काकांचे गणित काट्यावर उतरलेले पाहून फार बरे वाटले. एका नगाच्या तळाला केसाएवढी चीर गेली आहे. त्या फळीत खोडाचा मधला ठिपका अगदी कडेला होता, तो माझ्या नजरेतून सुटला.

चार करंडे पूर्ण केले. गळा ५ मिमी, फट ०.४ मिमी, दोन्ही काकांच्या मधला आकडा घेतला. दोघांना लाख चढवली, लाल आणि हिरवी. केवड्याचे पान देवबागच्या किनाऱ्यावरून आणले. ताईंनी काट्यांबद्दल बजावले होते, तरी अंगठ्याला काटा लागलाच. बहिणीचा जुना करंडाही लेथवर पुन्हा धरून गळा सैल करून दिला, उडालेला टवका त्यातच कातला गेला.

एकच शंका उरली आहे. पाचवा, चीर गेलेला करंडा टाकून द्यावा की वाचवता येईल? रुखवतात पाच सांगितले आहेत, आणि आता नवा कच्चा नग वाळवायला पावसाआधी वेळ नाही.


जुना कातारी (वेंगुर्ले)

चीर तळाच्या आतच थांबली असेल, भिंतीत चढली नसेल, तर वाचवता येईल. त्याच लाकडाचा बारीक भुसा घेऊन चिरीत दाबून भरावा, वरून पातळ सुपरग्लू सोडावा आणि वाळल्यावर स्क्रेपर फिरवावा. फणसाच्या तपकिरी होत जाणाऱ्या रंगात ती रेघ वर्षभरात दिसेनाशी होईल. भिंतीत चढली असेल तर रुखवतात ठेवू नये. कपाट आणि दिवा आहेच, आजच नवा ठोकळा लावावा; लग्न मार्गशीर्षात आहे आणि कपाटाच्या आत पाऊस पडत नाही. फक्त अखेरची बसवणी दसऱ्यानंतरच्या कोरड्या दिवशी करावी आणि करंडा कपाटातून काढल्यावर त्याच दिवशी कातून पूर्ण करावा, रात्रभर पडवीत ठेवू नये.